परसातले पिवळे कण

प्रश्न : डिचोलीला आमच्या परसात अळूचा वाफा खणताना मातीत पिवळे चकचकीत कण दिसले. सोनं असेल का? असल्यास वेगळं कसं करावं?

उत्तर : ताई, मी भूविज्ञान शिकवायचो तेव्हा विद्यार्थी असेच कण कागदात बांधून आणायचे. बहुतेक वेळा तो अभ्रक निघे. काळं अभ्रक झिजलं की सोनेरी दिसतं आणि फसवतं.

एक कण काचेवर ठेवा आणि सुईने दाबा. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. लोहमाक्षिक, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज, असेल तर चुरा होतो. सोनं मऊ, त्याला नुसता खळगा पडतो. सावलीत नेऊनही बघा. अभ्रक उन्हात लखलखतं, सावलीत विझतं. सोनं दोन्हीकडे पिवळंच राहतं.

वेगळं करायचं तर माती चाळा, परातीत पाणी घालून हलवा आणि वरचं गढूळ पाणी हळूहळू ओता. सोनं पाण्याच्या 19 पट जड, अभ्रक जेमतेम 3 पट. त्यामुळे अभ्रक वाहून जातं, सोनं तळाच्या काळ्या रेतीत बसतं. रेती वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं खनिज, निघून येईल.

सोनं काढायला म्हणून पारा किंवा नायट्रिक ॲसिड मात्र घरात अजिबात आणू नका. तापवलेल्या पाऱ्याची वाफ मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करते, आणि त्याच मातीत तुमचा अळू आहे. कण उरलाच तर सराफाकडून कसोटीवर घासून घ्या.