वडिलांचं करता करता कॉलेज होईल का?

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातली, वय 19. वडिलांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्याकडे. बारावीला 71 टक्के होते. शिक्षण सुटलं ते सुटलंच का?

उत्तर : नाही गं, सुटलेलं नाही. सोळाव्या वर्षापासून मी अंथरुणाला खिळलेल्या आजीचं केलं. रात्री दोनदा तिची कूस बदलायची आणि सकाळी वर्गात डुलक्या. सरांना मी आळशीच वाटले, कारण मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. तू तसं करू नकोस. प्रवेश घेतानाच घरची परिस्थिती लेखी दे.

घर सोडता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासूनचं. अभ्यास घरी, परीक्षा केंद्रावर. व्यावसायिक शिक्षण हवं असेल तर तेही बघ: आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षणातल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, केंद्रीभूत प्रवेशातून (म्हणजे सरकारच्या सामाईक ‘कॅप’ फेऱ्यांतून) 2024 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

वडिलांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? नसेल तर आधी ते. मग तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेची चौकशी कर.

आणि आईशी बोल. घरात काका, चुलतभाऊ असतील तर परीक्षेच्या दिवसांत त्यांनी बसावं वडिलांजवळ. मागायला लाजू नकोस. प्रवेश झाला की मला नक्की कळव.