जॅम अँड स्पून ही जर्मन संगीतकार जोडी नेमकी कोण होती आणि 'राइट इन द नाइट'नंतर ती गेली कुठे?

गेली कुठेच नव्हती. तुम्ही म्हणता की त्या एका गाण्यानंतर त्यांचं नावच कानावर आलं नाही. बरोबर आहे, पण त्यांचं काम तुमच्या कानावर नक्की आलं असणार. फक्त कव्हरवर नाव दुसरंच होतं.

आधी माझा त्यांच्याशी संबंध कसा आला ते सांगतो. पुण्यात गिटारच्या क्लासला जायचो, तेव्हा सरांनी एकदा एक स्पॅनिश तुकडा वाजवून दाखवला. अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर चाल चालू, आणि तिच्यामध्ये वरचा एकच स्वर सारखा टोचत राहतो. मी उत्साहानं ओरडलो, "सर, हे तर राइट इन द नाइट!" सरांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. इसाक आल्बेनिथची १८९० च्या दशकातली रचना, आणि हा पोरगा तिला डिस्कोचं गाणं म्हणतोय! गंमत अशी, की 'अस्तुरियास' किंवा 'लेयेंदा' म्हणून ओळखली जाणारी ही रचना मुळात गिटारची नाहीच, पियानोची आहे. नावही संगीतकार गेल्यानंतर प्रकाशकानं चिकटवलेलं. अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा प्रांत आणि सुरावट दक्षिणेच्या अंदालुसियाच्या वळणाची. तांबड्या रश्श्याला खानदेशी म्हणावं, तसलाच प्रकार.

ती सुरावट नाचाच्या गाण्यात आणण्याचं डोकं या जोडीचं. दोघं फ्रँकफर्टचे. रॉल्फ एल्मर म्हणजे जॅम एल मार. पाश्चात्त्य अभिजात संगीत रीतसर शिकलेला, स्टुडिओत रमणारा. दुसरा मार्कुस लोफेल, डीजे. जर्मनमध्ये लोफेल म्हणजे चमचा, म्हणून हा झाला मार्क स्पून. (आपल्याकडे 'चमचा' हे नाव घेऊन स्टेजवर चढायची कुणाची छाती झाली नसती.) एकाला संगीत लिहिता यायचं, दुसऱ्याला रात्री तीन वाजता हजार माणसांना काय हवं असतं ते कळायचं. माझ्या मते त्यांच्या चांगल्या कामात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात. जिथे एकच उरते, तिथे ते साधारण होतात.

एल्मर त्याआधी डीजे डागबरोबर 'डान्स टू ट्रान्स' ही दुसरी जोडी चालवत होता. त्या वेळचं फ्रँकफर्ट म्हणजे विमानतळाच्या इमारतीतला 'डोरियन ग्रे' क्लब आणि शहरातला डीजे स्वेन व्हेटचा 'ओमेन'. आपल्याकडे ट्रान्स, म्हणजे तंद्री लावणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, म्हटलं की लोकांना थेट गोव्यातला हणजूणचा किनारा आठवतो. पण फ्रँकफर्टचा ट्रान्स वेगळ्या मातीतला आहे, जरी व्हेटसारखी तिथली मंडळी गोव्याच्या वाऱ्या करत असली तरी.

जॅम अँड स्पूनचं खरं वर्ष माझ्या लेखी १९९२. त्या वर्षी त्यांनी 'द एज ऑफ लव्ह' या गाण्याचा रीमिक्स केला आणि त्याला नाव दिलं 'वॉच आउट फॉर स्टेला'. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर स्वतःच्या गाण्याची जाहिरात! कारण त्याच वर्षी बेल्जियमच्या आर अँड एस या रेकॉर्ड कंपनीकडून त्यांची 'स्टेला' आली. तिच्यात ठोक्यापेक्षा सुरावट पुढे आहे आणि कसलीच घाई नाही. एखादा गवय्या आलापीत रेंगाळतो आणि आपण तबल्याची वाट बघायचं विसरून जातो, तसं तिथे होतं. पुढे ट्रान्स म्हणून जे धो धो वाजलं, त्यातल्या बऱ्याच जणांना हा संयम जमलाच नाही.

१९९३ मध्ये त्यांनी 'ट्रिपोमॅटिक फेअरीटेल्स' नावाचे दोन अल्बम काढले, एक '२००१', दुसरा '२००२'. पहिल्यात गाणी, दुसऱ्यात अंधारं, शब्दांशिवायचं काम. 'राइट इन द नाइट' पहिल्यातलं, अमेरिकन गायिका प्लावकाच्या आवाजात. ब्रिटनमध्ये ते आधी फारसं चढलं नाही. १९९५ मध्ये पुन्हा काढलं तेव्हा तिथल्या खपाच्या यादीत पहिल्या दहात गेलं. त्यानंतरही तिच्याबरोबर 'फाइंड मी', 'एंजल' आणि १९९७ चं 'कॅलिडोस्कोप स्काइज' आलं. गोड आहेत, पण तोच साचा जाणवतो.

आता तुमचा 'कुठे गेली' हा प्रश्न. उथळ, धांगडधिंग्याचं काही करावंसं वाटलं की ते नाव बदलायचे. 'टोकियो घेटो पुसी' नावानं १९९५ मध्ये 'एव्हरीबडी ऑन द फ्लोअर', मग 'स्टॉर्म' नावानं आणखी काही. यातलं 'टाइम टू बर्न' २००० मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, म्हणजे 'राइट इन द नाइट'च्या किती तरी वर! या टोपणनावांखाली स्वतःची नावं द्यायचे 'ट्रान्सी स्पेसर' आणि 'स्पेसी ट्रान्सर'. एवढं यश मिळूनही ते जॅम अँड स्पूनच्या खात्यावर जमा झालं नाही. लोक त्यांना एका गाण्याची जोडी समजतात, त्यात त्यांचाही हात आहेच.

२००४ मध्ये 'ट्रिपोमॅटिक फेअरीटेल्स ३००३' आला. ११ जानेवारी २००६ रोजी बर्लिनमध्ये मार्क स्पून हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय फक्त ३९. जोडी तिथेच संपली. एल्मर जॅम एल मार या नावानं वाजवत राहिला.

२०२१ मध्ये शार्लट द विट आणि एन्रिको सांजुलियानो या टेक्नो डीजेंनी 'द एज ऑफ लव्ह'चा नवा रीमिक्स केला. तुमच्या घरात विशी-बाविशीतलं कुणी टेक्नो ऐकत असेल तर त्याला विचारा, माहीत असेल. तो ऐकून लगेच १९९२ चा ऐका, आणि मग दिवे मालवून 'स्टेला'.

सरांनाही मी नंतर एकदा 'स्टेला' ऐकवली. डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि शेवटी म्हणाले, "चांगलंय रे. पण यात गिटार कुठंय?"