जनुकीय अहवाल पाहून बाबा सिगारेट सोडतील का?

आपले ५४ वर्षांचे वडील तीस वर्षांपासून सिगारेट ओढत आहेत आणि समजावून, रागावून काहीच उपयोग झालेला नाही. म्हणून लाळेच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणी करून घ्यावी आणि कर्करोगाचा धोका त्यांना कागदावरच दाखवावा का, असे आपण विचारले आहे. आपली तळमळ मला समजते, कारण सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी मी नेमके हेच केले होते. त्या अनुभवावरून सांगतो, केवळ या हेतूने ही तपासणी करू नये.

भावाच्या अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ‘सर्वसाधारण’ असा आला. तो आकडा फक्त जनुकांपुरता होता, त्यात त्याच्या रोजच्या पंधरा सिगारेटींचा हिशेब कुठेच नव्हता. पण त्याने तेवढा एक शब्द उचलला आणि पुढे वर्षभर विषय निघाला की तो मोबाइलवर अहवाल उघडून आईसमोर धरत असे. ती सवलत त्याला माझ्याच पैशांनी मिळाली, याचे मला आजही वाईट वाटते.

यामागचे शास्त्र खोटे नाही. पंधराव्या गुणसूत्रावरील सीएचआरएनए५ या जनुकाच्या परिसरातील फरकाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध आहे, हे २००८ साली तीन संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. निकोटिन मेंदूतील ज्या ग्राहींना (पेशींवरील संदेश पकडणाऱ्या रेणूंना) चिकटते, त्यांचा एक भाग या जनुकावरून घडतो. परंतु हा फरक धोका थोडाच वाढवतो, तर धूम्रपान तो कित्येक पटींनी वाढवते. त्यामुळे अहवाल चांगला येवो की वाईट, वडिलांना द्यायचा सल्ला तसूभरही बदलत नाही. जनुकीय धोका कळल्याने लोकांचे वागणे बदलते का, हे तपासणाऱ्या १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. धूम्रपान सोडण्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. वाईट अहवालाने माणूस काही दिवस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस बहुधा आणखी एक सिगारेट पेटवतो. अपवाद एवढाच की, घरात कमी वयात फुप्फुसे निकामी झाल्याचा इतिहास असेल आणि डॉक्टरांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुप्फुसांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनाची तपासणी सांगितली असेल, तर ती अवश्य करावी.

तेच पैसे स्पायरोमेट्रीवर, म्हणजे नळीत फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीवर, खर्च करावेत, असे मी सुचवेन. इंग्लंडमध्ये ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीत, ज्यांना फुंकरीच्या मोजमापावरून ‘तुमच्या फुप्फुसांचे वय इतके’ असे सांगितले, त्यांपैकी १३.६ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते; ज्यांना नुसते आकडे दिले, त्यांच्यात हे प्रमाण ६.४ टक्के होते. ती फुंकर माणूस स्वतः मारतो आणि दम कुठे तुटतो हे त्याला जाणवते, म्हणून ते मोजमाप त्याला आपले वाटत असावे. निकाल चांगला आला तर तो पुन्हा सवलत ठरू नये, यासाठी तो डॉक्टरांकडूनच समजावून घ्यावा.

खरा आधार मात्र औषध आणि समुपदेशन यांचाच असतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. फोन वडिलांनी स्वतः करावा, आपण शेजारी बसावे. निकोटिनचे च्युइंगम घेतल्यास ते भराभर चघळू नये, चव तिखट लागली की गालात धरून ठेवावे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा घेऊ नये, कारण चहाने तोंडात आम्लता वाढून निकोटिन नीट शोषले जात नाही. आपल्याकडे टपरीवर चहा आणि सिगारेट एकत्रच होत असल्याने अनेकांचे च्युइंगम इथेच वाया जाते.

सकाळी उठल्यावर किती मिनिटांत ते पहिली सिगारेट ओढतात, हे पाहून कृपया कळवावे. अर्ध्या तासाच्या आत ओढत असतील तर अवलंबित्व जास्त आहे, आणि औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवलेली बरी.