आयटीएस जुळला शंभर टक्के, पण नक्की कुणाशी?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टला हापूसवरचा करपा घेतलाय. फळावरच्या काळ्या डागातून बुरशी काढून पीडीएवर (बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर) वाढवली, स्पोअर (बीजाणू) बघून सर म्हणाले कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइड्स. पण आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) याचा सिक्वेन्स ब्लास्टला (सिक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन साधनाला) टाकला तर कोलेटोट्रिकमच्याच सियामेन्स, फ्रुक्टिकोला, ग्लिओस्पोरिऑइड्स या प्रजाती सगळ्याच शंभर टक्के जुळतायत. थिसिसमध्ये काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: यातलं एकही नाव लगेच लिहू नका. सरांचंही तसं चूक नाही, आंब्याच्या करप्याच्या बुरशीला वर्षानुवर्षं सगळे ग्लिओस्पोरिऑइड्स हेच नाव देत आलेत. पण 2008 मध्ये या नावासाठी नवा प्रमाण नमुना ठरवला गेला तो इटलीतल्या संत्र्यावरचा, आणि 2012 च्या अभ्यासात या नावाभोवतीच्या जवळच्या प्रजातींच्या गटात (स्पीशीज कॉम्प्लेक्समध्ये) 22 प्रजाती मांडल्या गेल्या. स्पोअर बहुतेकांचे सारखेच, लांबट आणि टोकांना गोल, मापंही एकमेकांत मिसळलेली, कॉलनीचा रंग तर प्लेट जुनी झाली की बदलतोच, म्हणजे मायक्रोस्कोप तुम्हाला गटापर्यंत नेतो, पुढे नाही.

आयटीएस हा बुरशीचा बारकोड मानला जातो खरा, पण या गटात तो एका प्रजातीपासून दुसरीत जेमतेम बदललाय. शिवाय जेनबँकेत (ब्लास्ट जिथे शोधतं त्या सिक्वेन्सच्या साठ्यात) जुन्या नावाने टाकलेले ढीगभर सिक्वेन्स पडलेत, त्यामुळे ब्लास्टमध्ये वर आलेलं नाव कधीकधी कुणाच्या तरी सरांनी मायक्रोस्कोपवरूनच दिलेलं असतं!

मग करायचं काय, तर जीएपीडीएच आणि एपमॅट हे दोन मार्कर (प्रजाती ओळखायला वापरतात ते डीएनएचे आणखी तुकडे) करा. एकाचेच पैसे असतील तर मी एपमॅट घेईन, 2013 मध्ये भारतातल्या आंब्यावरच्या बुरशीत त्याने प्रजाती चांगल्या वेगळ्या करून दाखवल्यात. तुलना फक्त टाइप स्ट्रेनच्या (प्रजातीचं नाव ज्यावर ठरलंय त्या प्रमाण नमुन्याच्या कल्चरच्या) सिक्वेन्सशी करायची, प्रजातींची नाती दाखवणारी ट्री काढायची, आणि त्यात एशियानम ही प्रजाती घ्यायला विसरू नका, ती 2009 मध्ये थायलंडच्या कॉफीवरून नोंदवली गेली पण आंब्यावर नेहमी सापडते. आणि हो, कल्चर एकाच स्पोअरपासून वाढवलंय ना? एका डागात दोन प्रजाती असू शकतात, मग सिक्वेन्सचा नुसता गोंधळ होतो.

फोटो, मापं टाकून देऊ नका, कुठले आयसोलेट (डागातून वेगळे काढलेले कल्चर) सिक्वेन्सिंगला पाठवायचे हे त्यावरूनच ठरतं. मार्कर होईपर्यंत थिसिसमध्ये ‘ग्लिओस्पोरिऑइड्स स्पीशीज कॉम्प्लेक्स’ एवढंच लिहा.