नोंदवही आधी, कपाट मग

जुन्या पितळी वस्तू जमवत असाल तर पहिल्या वस्तूला नोंदवहीत क्रमांक द्या: २०२५-००१, म्हणजे वर्ष आणि त्या वर्षातली कितवी वस्तू. वस्तू पुढे विकली तरी तो क्रमांक दुसरीला देऊ नका. पितळेवर चिकटपट्टी लावू नका. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात तिचा गोंद पाघळून डाग राहतो. समईला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा, क्रमांक पेन्सिलीने लिहा, कारण शाई ओलीने पसरते.

उंची, वजन, किंमत, कुणाकडून घेतली हे तर लिहायचंच. पण पोचा कुठे, झाळलेली (धातू वितळवून सांधलेली) जागा कुठे, हे नक्की लिहा. चोरी झालीच तर ओळख यावरूनच पटते. भांड्यावर कोरलेलं नाव मराठीत असो की कन्नडात, जसंच्या तसं उतरवा. फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून, तळाचाही काढा. तोवर चिंचेने घासू नका, जुनी झाक परत येत नाही.

शंभर वर्षांवरच्या दगडी-धातूच्या मूर्तींची १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते.