वर्गात चुळबुळ, रात्री घोरणं

"मॅडम, शाळेतून रोज तक्रार. एका जागी बसत नाही, लक्ष नाही, उगाच चिडतो. आमचंच काही चुकतंय का?" दुसरीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. असे पालक माझ्याकडे नेहमी येतात आणि 'अतिचंचल' हा शिक्का बहुतेकांनी आधीच मारून आणलेला असतो. मी आधी रात्रीची चौकशी करते.

"झोप अगदी गाढ! बाबांसारखा घोरतो," आई कौतुकाने म्हणाली. बोलता बोलता कळलं, की सुटलेली गादी ओली करायची सवय पुन्हा लागलीय, तोंड सतत उघडं असतं, सकाळी उठता उठत नाही. झोपेतला व्हिडिओ काढा म्हटलं, शर्ट वर करून, छाती दिसेल असा.

पुढच्या भेटीत तो दोघींनी पाहिला. मान मागे टाकलेली. श्वास घेताना छाती आत खेचली जातेय. मधेच घोरणं थांबतं. पोट हलतंय, पण श्वासाचा आवाज नाही. मग एकदम हिसका, धाप, आणि कूस बदलली. "मला वाटायचं स्वप्न पडतंय याला," आई पुटपुटली.

हा स्लीप ॲप्निया असू शकतो, म्हणजे झोपेत श्वास अडणं. मोठी माणसं त्याने दिवसा पेंगतात. मुलं पुष्कळदा उलट, जास्तच चळवळी होतात, म्हणून घोटाळा होतो. लहानपणी कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून, झोपेची चाचणी करून ते काढले. गादी कोरडी राहू लागली, चिडचिड उतरली. मागे पडलेलं वाचन मात्र आपोआप भरून आलं नाही, त्यावर आम्ही वेगळी मेहनत घेतली. प्रत्येक चंचल मुलाचं कारण हेच असतं असं नाही, पण जवळजवळ रोज घोरणाऱ्या मुलाला डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मग बाबांकडे वळले. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, सकाळी डोकं जड, एकदा गाडी चालवताना डोळा लागलेला. "पण मी कुठे जाड आहे?" जाडी, जाड मान हे धोके खरेच, पण हनुवटी मागे असलेल्या सडपातळ माणसालाही हा त्रास होतो. मोठ्यांत 10 सेकंद किंवा जास्त श्वास थांबणं मोजलं जातं, आणि तासाला 5 किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडला तर निदानाचा विचार होतो. त्यांना चाचणीला पाठवलंय. तोवर गाडी चालवायची नाही, आणि झोपेची गोळी किंवा दारू मनाने घ्यायची नाही. त्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.