डेअरीतला प्लेट हीट एक्स्चेंजर आकाराने एवढा लहान असूनही इतके दूध कसे तापवतो?

जागा वाचते ती मुख्यतः पत्र्यांच्या रचनेमुळे. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टीलचे पत्रे गॅस्केट (गळती रोखणारी रबरी पट्टी) लावून चौकटीत आवळलेले असतात आणि त्यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या फटींतून गरम व थंड द्रव एकाआड एक, विरुद्ध दिशांनी वाहतात. शेजारच्या पत्र्यांवरील तिरक्या पन्हळी एकमेकींना छेदत असल्याने प्रवाह सतत घुसळला जातो व पृष्ठभागालगतचा मंद थर पातळच राहतो. शिवाय त्या जिथे टेकतात तिथे पत्र्याला दाबाविरुद्ध आधारही मिळतो.

माझ्या मते खरे कौशल्य दिसते ते पुनर्प्राप्ती विभागात. तेथे ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद राखलेले दूध आत येणाऱ्या थंड, कच्च्या दुधाला तापवते आणि लागणाऱ्या उष्णतेचा बहुतांश, अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास, भाग तिथेच भागतो. मात्र अशा तापवून घेतलेल्या, म्हणजे पाश्चरीकृत, दुधाचा दाब नेहमी जास्त ठेवावा लागतो, कारण पत्र्याला बारीक भोक पडले तरी कच्चे दूध त्यात मिसळता कामा नये.

अरुंद फटींमुळे पंपावरचा भार वाढतो आणि प्रथिने व क्षार पत्र्यांवर साचतात. म्हणून कॉस्टिक सोडा व आम्लाने नियमित धुलाई अपरिहार्य असते.